दोन लेन्सांपैकी एक

नेरूळ, ३ सप्टेंबर १९९६

अहो,

तुमचं पत्र मिळालं. होळीच्या आधी गेलात आणि गणपती तोंडावर आल्यावर पहिलं पत्र, तेही एवढंसं, की पोस्टकार्डावर मावूनसुद्धा जागा उरली असती. कपाटात दोन झूम लेन्स राहिल्या आहेत, त्यातली तुला हवी ती ठेव, दुसरी पाठव, इकडे डोंगराच्या कामाला एक लागते. खाली सही. मी कशी आहे हे विचारायचं घाईत राहून गेलं असेल. बरी आहे.

लेन्सही बऱ्या आहेत. तुम्ही कपाटात लावून दिलेला छोटा बल्ब अजून जळतोय, त्यामुळे खाडीच्या दमट हवेची बुरशी त्यांच्या काचांना लागलेली नाही. माझ्या दोन साड्यांना लागली, पण साड्यांच्या खणात बल्ब नाही.

आता मुद्द्याचं. हवी ती ठेव असं लिहून तुम्ही मोकळे झालात, मला मात्र ते इतकं सोपं नाही. तुम्ही गेल्यापासून मी रविवारी स्टुडिओ बंद ठेवून करावेच्या खाडीवर जाते, तुमचा जुना कॅमेरा घेऊन. बाकीचे दिवस पासपोर्ट फोटो आणि साखरपुडे चालूच आहेत. पण रविवारी मी खाडी काढते, तिवरं काढते, पलीकडचा द्रोणागिरीचा डोंगर काढते. इथे काढण्यासारखं काही उरलं नाही, जिकडे बघावं तिकडे भराव आणि खांब, असं म्हणून तुम्ही गेलात. थोडं उरलंय हो. तेव्हा मलाही लेन्स हवी ती निसर्गासाठीच, आणि दोघींत एकेक खोड आहे.

आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली अठ्ठावीस-सत्तर मिलिमीटरची. तिच्या चौकटीत आभाळ, पाणी, डोंगर सगळं मावतं, पण वजन असं की दुपारपर्यंत मान भरून येते. धाकटी पस्तीस-एकशेपाच. हलकी आहे, लांब उभ्या माणसाचा चेहरा जवळ आणून देते, पण रुंदीला कमी पडते. शिवाय फोकस करताना तिचं पुढचं तोंडच गोल फिरतं आणि त्यावर बसवलेला फिल्टर दर वेळी जागचा हलतो. तुम्ही तिला लग्नाची लेन्स म्हणायचात. डोंगरावर तिला एकदाही नेलं नाहीत.

तर मी दोघींनाही नीट वापरून बघते आणि मग कळवते. घाई करू नका.

आणखी एक. इथे मी सगळ्यांना सांगितलंय की तुम्हाला वाईकडे हॉटेलांच्या फोटोंचं मोठं काम मिळालंय आणि ते आटोपलं की तुम्ही परत येणार. बापूंनाही तेच सांगितलंय. बापाशी खोटं बोलले असं मला वाटत नाही, कारण जाताना तुम्हीच दारात म्हणालात, राहिलेलं सामान नंतर बघू. त्याचा अर्थ मी असा धरला की या लेन्स इथे आहेत तोवर तुमचं येणं बाकी आहे. अर्थ चुकला असेल तर तसं लिहा. लेन्सबद्दल लिहून जागा उरली तर.

तुमची,
सुनयना


नेरूळ, २९ सप्टेंबर १९९६

अहो,

सोबत स्लाइड पाठवते आहे. पांढऱ्या चौकटीवर 'थो' लिहिलंय त्या थोरलीच्या, 'धा' त्या धाकटीच्या. दादरच्या लॅबवाल्याने विचारलं, काय हो वहिनी, एकच फोटो दोन-दोनदा काढलाय? मी म्हटलं, साहेबांना तसंच लागतं.

पहिल्या स्लाइड वर्तमानपत्राच्या आहेत. तुम्ही नव्या लेन्सची परीक्षा घ्यायचात तशीच पान भिंतीला चिकटवून, ट्रायपॉडवर कॅमेरा समोर धरून काढल्या. हाताला लागलं ते पान नेमकं वधूवर-सूचनांचं निघालं. बदलायचा कंटाळा केला. बारीक अक्षर आहे, कोपऱ्यापर्यंत वाचता येतं का ते बघा.

बाकीच्या खाडीच्या. आता हवा धुऊन निघाल्यासारखी आहे, द्रोणागिरी इतका जवळ दिसतो की हात लावावा. ओहोटीची वेळ धरून गेले होते. गावाच्या टोकाला जिथे होड्या ओढून ठेवतात, तिथून काढलंय.

तिथे एक अडचण आली. डोंगराच्या चित्रात कुठेतरी एक माणूस उभा असल्याशिवाय डोंगर केवढा ते कळत नाही, हा तुमचा नियम. आणि तो माणूस कायम मी. नऊ वर्षांत तुम्ही सह्याद्रीचा एक कडा सोडला नाहीत आणि एकाही कड्यावर मला सोडलं नाहीत. लाल शाल घे, लांब जा, अजून लांब, आता पाठ कर, हलू नकोस. माझ्या पाठीचे इतके फोटो आहेत की मी हरवले तर पोलिसांना पाठीवरूनच शोधावं लागेल. तेव्हा हसायचे मी. ती लाल शाल इथे सापडत नाही, तुमच्या बॅगेतच गेली वाटतं. पाचगणीच्या बाजूला थंडी असते, अंगावर घ्या.

तर आता कॅमेऱ्यामागे मी आणि पुढे उभं राहायला कोणी नाही. आपल्या गाळ्याच्या मालकीणबाई पुतळाबाई तिथेच सुकट वाळवत होत्या, त्यांना विनवलं. लांब जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मी ओरडून सांगितलं, पाठ करा. त्या तिथूनच ओरडल्या, "पाठ कशाला दाखवू गो बाय? तोंड हाय ना मना." काही केल्या वळेनात. शेवटी मीच कॅमेऱ्याची आपोआप पडणारी कळ लावून चिखलातून धावत जाऊन उभी राहिले. एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. स्लाइडमध्ये मी वाकडी दिसते आहे ती त्यामुळे.

पुतळाबाई रोज तुमची चौकशी करतात. विसर्जनाला आले नाहीत म्हणून मी सांगितलं, हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत. आता दिवाळीला येणार असं सांगून बसले आहे.

स्लाइड भिंग लावून बघा आणि कोणती बरी ते लिहा.

तुमची,
सुनयना


नेरूळ, २३ ऑक्टोबर १९९६

अहो,

या वेळी पत्र लवकर आलं. मी उघडायच्या आधी चहा ठेवला, म्हटलं सावकाश वाचू. चहा उकळायच्या आत वाचून झालं.

थोरली कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ आहे, धाकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'सुस्वरूप' आणि 'निर्व्यसनी' हे शब्द विरघळलेत, असं तुम्ही लिहिलंय. निरीक्षण बरोबर आहे. खाडीच्या स्लाइडमध्ये क्षितिज किंचित कललं आहे, तेही बरोबर. क्षितिजाच्या अलीकडे एक बाई एका पायात चप्पल घालून उभी आहे, तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. असो.

नवल मला शेवटच्या ओळीचं वाटलं. थोरली चांगली आहे, तूच ठेव, मला धाकटी पाठव. मी ते परत परत वाचलं. धाकटी? कोपऱ्यात विरघळते म्हणून आत्ताच नावं ठेवलीत ती? डोंगराला तुम्ही? त्यावर तुमचं म्हणणं, आजकाल सगळंच एका चौकटीत घ्यावंसं वाटत नाही, लांबचं एखादंच काही जवळ घ्यावंसं वाटतं. माणूस बदलतो, लेन्सची आवडही बदलत असेल. मी काही बोलत नाही.

पण धाकटी लगेच पाठवता येणार नाही. तिला अपघात झाला आहे, आणि तो बापूंच्या हातून झाला आहे, तेव्हा रागावू नका.

दसऱ्याला बापू आले होते. कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्या दिवशी सगळे हमाल आपापले आकडे पुजतात. ज्या आकड्याने जन्मभर गोणी ओढल्या त्याला घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहतात. ते करून बापू आपट्याची पानं घेऊन इकडे आले. मी पाटावर कॅमेरा, ट्रायपॉड आणि दोन्ही लेन्स मांडल्या होत्या, झेंडूची फुलं ठेवली होती. दर वर्षी पूजा तुम्ही करायचात आणि कुंकू लांबून, पाटालाच लावायचात, हे बापूंना काय ठाऊक. मी आत खीर ढवळत होते. बाहेर येऊन बघते तर बापूंनी आकड्याला वाहतात तसं दोघींना मनापासून चिमटीचिमटीने कुंकू वाहिलेलं. थोरली झाकणासकट होती म्हणून वाचली. धाकटी उघडी होती आणि लांब ओढलेली होती. कुंकू तिच्या सांध्यात शिरलं, आणि बापूंनी चूक कळल्यावर घाईने तिला मिटवली, तेव्हा ते आणखी आत गेलं.

आता उजेडाकडे धरून बघितलं की आतल्या काचेवर लाल कण दिसतात. पुसता येत नाहीत, आतल्या बाजूला आहेत. बापू ओशाळले. म्हणाले, "त्याचं बी पोट हिच्यावरच हाय न्हवं? म्हनून वाहिलं." मी म्हटलं, काही बिघडलं नाही बापू. ते जेवताना दोनदा तिच्याकडे बघत होते.

फोर्टमध्ये लेन्स उघडणारा एक कारागीर आहे म्हणतात. त्याला दाखवते. तो काय म्हणतो ते कळल्यावरच पाठवता येईल. तोवर तुम्ही दिवाळीला येणार असाल तर पाठवायचा प्रश्नच उरत नाही.

तुमची,
सुनयना


नेरूळ, १९ नोव्हेंबर १९९६

अहो,

दिवाळी झाली. तुम्ही आला नाहीत, तुमची ओळ आली. चाचण्या पुरे, आहे तशी पार्सल कर.

ठीक आहे. आता मीही चाचण्या पुरे करते आणि सरळ लिहिते.

फोर्टच्या कारागिराकडे जाऊन आले. तो म्हणाला, उघडतो, पण काचा परत तंतोतंत त्याच जागी बसतील याचा भरवसा देत नाही, आणि इतक्या बारीक कणांनी चित्राला काही होत नसतं, टेन्शन घेऊ नका. हे मी तुम्हाला दिवाळीच्या आधीच कळवू शकले असते. कळवलं नाही.

आणखी एक कळवलं नाही. मला कोणती लेन्स हवी ते पहिल्याच रविवारी कळलं होतं. थोरली हवी. तिच्यातून बघितलं की होड्यांपासून डोंगरापर्यंत सगळं येतं, काही बाहेर ठेवावं लागत नाही. खाडीला तीच लागते. त्यासाठी वर्तमानपत्र चिकटवायची गरज नव्हती आणि चप्पल घालवायचीही नव्हती. पण मी निवड केली की तुम्हाला तुमची लेन्स मिळणार, आणि लेन्स मिळाली की तुम्ही मला कशाला पत्र लिहाल? कोपऱ्यांबद्दल का होईना, तुम्ही लिहीत होतात. 'सुस्वरूप' हा शब्द तुमच्या अक्षरात आला, तेवढ्यावर मी आठवडा काढला. हसू नका. हसलात तरी चालेल.

मला तुमची आठवण येते. स्टुडिओच्या बोर्डावर अजून 'रणजीत मोहिते' आहे, रंग उडालाय, मी तो परत रंगवून घेणार होते, पण मग वाटलं तुम्ही आल्यावर तुम्हाला हवा तो रंग द्या. सोसायटीत दिव्याच्या माळा लागल्या, मी आपल्या खिडकीला आकाशकंदील लावला, कारण लावला नसता तर शेजारी विचारायला आले असते. फराळाचं तुम्हाला आवडतं म्हणून चकल्या केल्या. पुतळाबाईंना अर्ध्या दिल्या आणि सांगितलं, उरलेल्या साहेबांसाठी, आता डिसेंबरात येणार आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. मला ते बरं वाटलं नाही, कारण त्या गप्प बसणाऱ्या नाहीत.

काय चुकलं तेवढं सांगा. इथला कंटाळा आला होता की माझा? इथला आला असेल तर मी तिकडे येते, पासपोर्ट फोटो वाईतही लागतात. माझा आला असेल तर तसं लिहा. तुम्ही लेन्सवर पानभर लिहू शकता, माझ्यावर एक वाक्य लिहा.

आणि लेन्स न्यायला स्वतः या. दोन्ही न्या. मला एकही नको. पण या.

सुनयना


नेरूळ, १० जानेवारी १९९७

रणजीत,

नावाने हाक मार, मला ते अहो ऐकवत नाही, असं तुम्ही लग्नानंतर वर्षभर सांगत होतात. मला जमलं नाही. आज लिहिताना जमलं.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, पण मिळालं म्हणायला हरकत नाही.

वर्षाच्या पहिल्या दिवशी पुतळाबाईंनी मला दुकानातून हाताला धरून आपल्या घरात नेलं. त्यांचा रूपेश आता इमारतींना सळ्या पुरवतो, त्याला कुठल्याशा सिमेंटवाल्याकडून कॅलेंडरं मिळाली होती. एक स्वयंपाकघरात लावलं होतं. जानेवारीचं पान. पाचगणीचं पठार, गवत पिवळं पडलेलं, मागे दरीत धुकं, आणि मधोमध लाल शाल घेतलेली बाई, पाठमोरी. खाली बारीक अक्षरात छाया: रणजीत मोहिते. ते रूपेशने आईला वाचून दाखवलं होतं.

पुतळाबाईंचा आनंद बघायला हवा होता. मला म्हणाल्या, "ही तूच ना गो? शाल बघितली नि वलखली मी. सांगलं पन नाय, गुपचूप जाऊन आलीस घोवाकडं." आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांच्या सुना बघत होत्या. रूपेश हसत होता. मला एक क्षण लागला असेल. मी म्हटलं, होय, मीच.

मग त्यांनी सगळ्या आळीला बोलावून दाखवलं. आता करावे गावात प्रत्येकाला माहीत आहे की मी दिवाळीनंतर चार दिवस नवऱ्याकडे जाऊन आले आणि आमचं सगळं ठीक आहे. लोक मला थांबवून विचारतात, थंडी होती का? मी सांगते, होती.

चित्र उत्तम आहे. हे मी फोटोग्राफर म्हणून लिहिते आहे. उजेड सकाळचा आहे, क्षितिज सरळ आहे, कोपरे स्वच्छ आहेत. पण मी ते रोज बघते आहे आणि मला त्यातल्या दोन गोष्टी खुपतात. एक, ती तुमच्यापासून फार लांब नाही. माप दाखवायला माणूस जेवढा लांब लागतो त्याच्या निम्म्या अंतरावर तुम्ही तिला थांबवलंत. आणि दुसरी, ती पूर्ण पाठमोरी नाही. तिने मान थोडी वळवली आहे, गालाची कड दिसते आहे. हलू नकोस असं तुम्ही तिला म्हणाला नाहीत. मी वळले असते तर तुम्ही पुन्हा नवी फ्रेम घेतली असती. तेव्हा मला कळलं की तुम्हाला धाकटी कशाला हवी आहे. लांबचं एखादंच काही जवळ घ्यायला. तुम्ही तर लिहिलंही होतं, मीच डोंगराबद्दल वाचत बसले.

रविवारी बापू आले. पुतळाबाईंनी त्यांनाही ओढत नेऊन दाखवलं, बघा तुमची लेक. बापू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. तिथे म्हणाले, "झ्याक आलाय फोटू," आणि रूपेशकडून एक कॅलेंडर मागून घेतलं. गुंडाळी काखेत धरून माझ्याबरोबर स्टुडिओपर्यंत आले. शटर उघडायच्या आधीच म्हणाले, "पोरी, ही तू न्हाईस."

मी कुलपाशी खटपट करत राहिले. ते म्हणाले, "लहानपनी हौदावरनं पडलीस तवापासनं तू उभी ऱ्हातीस तवा सगळा भार डाव्या पायावर असतो. मी इतकी वरसं बघतोय. ही बाई सरळ उभी हाय."

मग मी रडले. दारातच, शटरला टेकून. तुम्ही गेल्यापासून बापूंसमोर रडले नव्हते, दिवाळीलाही नाही. बापूंनी मला रडू दिलं. नंतर किल्ली माझ्या हातातून घेऊन त्यांनीच शटर वर केलं आणि मला आत बसवून पाणी दिलं. म्हणाले, "कवापासनं ठाव हुतं मला. तू सांगायची वाट बघत हुतो." आणि थोड्या वेळाने, "त्याची चीज त्याला देऊन टाक. घरात ठिवून मानूस येत न्हाई."

मी विचारलं, मग हे कॅलेंडर कशाला घेतलंत? ते गुंडाळी पुन्हा काखेत धरून निघाले. परवा मार्केटमधल्या एका माणसाचा पासपोर्ट फोटो काढताना समजलं. बापूंनी ते आपल्या टोळीच्या विश्रांतीच्या खोलीत, पाण्याच्या माठाच्या वर लावलंय. कोणी विचारलं की सांगतात, माजी लेक हाय, जावयानं काढलाय.

तर निवड झाली. थोरली मी ठेवते. धाकटी पाठवते आहे, सोबतच्या पार्सलमध्ये, खोक्यात कापूस भरून वरून कापड शिवलंय. शिवायला पुतळाबाई बसल्या होत्या. त्यांनी तुमच्यासाठी सुक्या बोंबलांची पुडी आत घालायला दिली. लेन्सला वास लागेल म्हणून ती मी काढून ठेवली, त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला खूप आवडतात हे त्यांच्या अजून लक्षात आहे.

धाकटीने तिचा चेहरा काढा. हवा तेवढा काढा, त्यासाठीच ती लेन्स आहे आणि त्या कामाला चांगली आहे, हे मी तुम्हाला आधीही सांगत असे. तिचं पुढचं तोंड फिरतं, तेव्हा आधी फोकस करून मग फिल्टर बसवा. लाल शाल तिच्याकडेच राहू दे.

एकच मागते. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर काढाल, त्याच्या पुढच्या वर्षीचं काढाल. छापायला द्याल त्या चित्रात तिला पाठमोरी उभी करा. पूर्ण पाठमोरी, मान न वळवता, आणि जमलं तर भार डाव्या पायावर द्यायला सांगा. निदान बापू आहेत तोवर. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, आणि त्यांना खोटं बोलायची सवय नाही. तुमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट नाही, नऊ वर्षं तुम्ही तसंच करत होतात.

धाकटीच्या आत कुंकवाचे कण तसेच आहेत. उजेडाकडे धरलीत तर दिसतील. काळजी करू नका, मी तीन वेगवेगळ्या उजेडांत रोल घालून बघितलंय, ते फोटोत कुठेही येत नाहीत.

सुनयना